कवीच्या गळ्यात हार घालण्याआधी त्याच्या हातात माइक द्या

जून १९४८. लंडनजवळच्या टिलबरी बंदरात 'एम्पायर विंडरश' नावाचं जहाज लागलं. जमैका, त्रिनिदाद आणि आसपासच्या बेटांवरून शेकडो माणसं कामाच्या शोधात आली होती. पाथे न्यूजचा कॅमेरा तिथे हजर होता. बातमीदाराने त्रिनिदादच्या एका तरुण गायकाला गाण्याची विनंती केली. स्टेजवरचं त्याचं नाव लॉर्ड किचनर. त्याने उभ्या उभ्या लंडनची तारीफ करणारं कॅलिप्सो म्हणून दाखवलं. काही सेकंदांची ती फीत ब्रिटनमध्ये आजही दाखवली जाते. २०१८ पासून तिकडे दरवर्षी २२ जूनला अधिकृत 'विंडरश दिन' साजरा होतो, त्या दिवशी तर हमखास.

आता दुसरी गोष्ट. त्याच पिढीतले जे लोक जहाजांतून उतरले, त्यांची बंदरावरची नोंदकार्डं ब्रिटनच्या गृहखात्याकडे होती. २०१० मध्ये ती नष्ट करण्यात आली. पुढे कायदे कडक झाले. आयुष्यभर तिथे राबलेल्या, कर भरलेल्या म्हाताऱ्या माणसांना 'तुम्ही इथले आहात याचा पुरावा दाखवा' असं विचारलं जाऊ लागलं. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार थांबले, आणि किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढलं गेलं. २०१८ मध्ये हे प्रकरण फुटलं आणि गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला.

म्हणजे गाणाऱ्याची फीत जपली आणि त्याच्या पिढीचे कागद रद्दीत गेले.

गेले काही महिने मी कॅरिबियन मुळाच्या, पण लंडन, न्यूयॉर्क, टोरांटोकडे गेलेल्या लेखक-कवींवरचे माहितीपट बघतोय, त्यांच्याबद्दल वाचतोय. जेवढं बघितलं तेवढं एक मत पक्कं होत गेलं. कवीचा गौरव करणारी फिल्म बनवणं हे फार निरुपद्रवी, गोड काम वाटतं, पण ते तसं नाही. ती कधी बनते, कुणाच्या पैशाने बनते आणि तिच्यात कवीला स्वतः बोलू दिलं जातं की त्याच्याबद्दल इतरांनाच बोलायला लावलं जातं, यावर ठरतं की आपण त्याचं म्हणणं पुढे नेतोय की त्याला गुळगुळीत करून शोकेसमध्ये ठेवतोय.

आता कुणी म्हणेल, कुठे कॅरिबियन आणि कुठे आपण. तर बघा, कॅलिप्सो हा शब्द आपल्याला नवा नाही. १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरात हरवलं, गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरने त्याच्यावर कॅलिप्सो रचलं. त्या गाण्याचा उल्लेख आपल्याकडे अजून कौतुकाने होतो. पण कॅलिप्सो म्हणजे फक्त क्रिकेटचं कौतुक नव्हे. ताज्या घडामोडींवर, सत्तेवर, पावाच्या भावावर, शेजाऱ्याच्या भानगडीवर चटकन रचून म्हणायची ती जनतेची कविता आहे. आपल्याकडच्या शाहिराला ही जात ओळखीची वाटेल.

दुसरा धागा आणखी जुना. १८३८ ते १९१७ या काळात सुमारे पाच लाख हिंदुस्थानी माणसं करारावर उसाच्या मळ्यांत राबायला कॅरिबियनमध्ये नेली गेली. व्ही. एस. नायपॉल त्यांचाच वंशज. सॅम्युअल सेल्व्हनच्या वडिलांचं मूळ मद्रासकडचं. आणि १९९२ मध्ये नोबेल मिळालेला सेंट लुशियाचा कवी डेरेक वॉलकॉट, ज्याच्या अंगात हिंदुस्थानी रक्त नव्हतं, त्याने स्टॉकहोमचं आपलं भाषण सुरू कुठून केलं? त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या गावात चाललेल्या रामलीलेपासून. आफ्रिकेतून गुलाम म्हणून, हिंदुस्थानातून करारबद्ध म्हणून बेटांवर आणलेली माणसं आणि मग त्या बेटांवरून पुन्हा इंग्लंड-अमेरिकेकडे गेलेली त्यांची मुलं. हे दुहेरी स्थलांतर समजलं की या लेखकांच्या फिल्म आपल्याला परक्या वाटत नाहीत.

सुरुवात ऊना मार्सनपासून करू. जन्म जमैका, १९०५. कवयित्री, नाटककार. १९३२ मध्ये लंडनला आली. इथिओपियावर मुसोलिनीने हल्ला केल्यावर सम्राट हेले सेलासी यांच्यासाठी काम करत ती १९३६ मध्ये जिनिव्हाला राष्ट्रसंघापर्यंत गेली. युद्धकाळात बीबीसीत रुजू झाली. तिथे कार्यक्रमांची निर्मिती करणारी ती पहिली काळी स्त्री. लंडनमधल्या कॅरिबियन सैनिकांचे निरोप घरी पोचवणाऱ्या कार्यक्रमातून तिने १९४३ मध्ये 'कॅरिबियन व्हॉइसेस' हा साहित्याचा कार्यक्रम उभा केला. तो १९५८ पर्यंत चालला. सेल्व्हन, लॅमिंग, वॉलकॉट, नायपॉल या सगळ्यांचं सुरुवातीचं लेखन त्या रेडिओवरून बेटांवर पोचलं. काही काळ नायपॉलने स्वतः त्याचं संपादनही केलं. एका अर्थी इंग्रजी कॅरिबियन साहित्याचं बाळंतपण या बाईने केलं.

तिच्यावर बीबीसीने माहितीपट दाखवला तो २०२२ मध्ये. म्हणजे ती गेल्यावर सत्तावन्न वर्षांनी. तोवर तिला जवळून ओळखणारी बहुतेक माणसं गेलेली. त्यामुळे टोफर कॅम्पबेल या दिग्दर्शकाला तिच्या आयुष्यातले प्रसंग नटांकडून उभे करून घ्यावे लागले. फिल्मबद्दल माझी तक्रार नाही, उशिराबद्दल आहे. कारण कॅमेरा तेव्हा नव्हता असं मुळीच नाही. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारच्या माहिती मंत्रालयासाठी 'वेस्ट इंडीज कॉलिंग' नावाची छोटी फिल्म बनली होती. तिच्यात ऊना मार्सन आहे, क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन आहे, वैमानिक दलातला उल्रिक क्रॉस आहे. सगळे आपापलं काम सांगतायत, कारण साम्राज्याला युद्धात वसाहतींची साथ आहे हे जगाला दाखवायचं होतं. युद्ध संपलं, तशी गरजही संपली. ऊना खचलेल्या तब्येतीने जमैकाला परतली आणि १९६५ मध्ये गेली.

इथे एक फोटो सांगायलाच हवा. १९४२ चा, बीबीसीच्या स्टुडिओतला. जॉर्ज ऑरवेल हिंदुस्थानासाठी 'व्हॉइस' नावाचा साहित्यिक कार्यक्रम करायचा, त्यात भाग घेणाऱ्यांचा हा ग्रुप फोटो. टेबलाभोवती टी. एस. एलियट बसलाय, त्याच्या शेजारी ऊना मार्सन, मग मुल्कराज आनंद. मागे ऑरवेल उभा. आणि त्याच टेबलाशी बसलेली आणखी एक बाई म्हणजे वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या शिरोळच्या. ऑरवेलच्या सहकारी, बीबीसीवरून मराठीत बोलणाऱ्या सुरुवातीच्या आवाजांपैकी एक, पुढे 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या. एलियट आणि ऑरवेल यांची नावं जगाला पाठ आहेत. ऊनाचं नाव ऐंशी वर्षांनी तरी टीव्हीवर आलं. वेणूताईंचं नाव किती मराठी घरांत माहीत आहे, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. लिंटन क्वेसी जॉन्सन. जन्म १९५२, जमैकातलं एक खेडं. अकराव्या वर्षी आईकडे लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये आला. शाळेत असतानाच ब्रिटिश ब्लॅक पँथर्समध्ये गेला. १९७२ मध्ये ब्रिक्स्टनच्या बाजारात पोलीस काही मुलांना पकडत होते, हा त्या पोलिसांचे नंबर लिहून घ्यायला लागला, तर यालाच पकडून बदडलं. खटला टिकला नाही. तेव्हा तिथे 'सस' म्हणून ओळखलं जाणारं एक कलम होतं, १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातलं. नुसत्या संशयावरून कुणालाही उचलायची मुभा. काळी पोरं त्यात रोज उचलली जात. आपल्याकडे 'गुन्हेगार जमात' हा शिक्का कसा चालायचा आणि कागदावरून पुसल्यावरही पारधी वस्तीत तो कसा चालतो, हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको.

जॉन्सन या सगळ्यावर लिहीत होता आणि लिहीत होता ते जमैकन बोलीत, रेगेच्या तालावर. स्पेलिंगसुद्धा कानाला ऐकू येईल तसं. 'ही काय भाषा आहे का?' असं म्हणणारे तिथेही होतेच. आपल्याकडे त्याच सुमारास, १९७२ मध्ये, ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली आणि प्रमाण मराठीच्या पंगतीत हेच वाक्य ऐकू आलं. दोन्ही पँथर अमेरिकेतल्या एकाच पँथरकडे बघून उभे राहिले होते. सांगण्याचा मुद्दा असा, की बोलीत लिहिणाऱ्या कवीला फिल्म पुस्तकापेक्षा जास्त लागते. पानावरचे शब्द अनोळखी वाटतात, पण माणूस बोलताना दिसला, ताल ऐकला, की अर्थ आपोआप पोचतो.

हे ओळखलं फ्रँको रोसोने. इटलीत जन्मलेला, लहानपणी लंडनला आलेला, म्हणजे स्वतःही उपराच. त्याने जॉन्सनवर 'ड्रेड बीट ॲन ब्लड' ही फिल्म केली. कवी तेव्हा तिशीच्या आतला. पुरस्कार नाहीत, शाल-श्रीफळ नाही. फिल्ममध्ये तो आहे, त्याचा मोहल्ला आहे, त्याची कविता आहे. ती बीबीसीवर दाखवायची होती. पण १९७९ ची निवडणूक तोंडावर होती, थॅचरबाई सत्तेच्या दारात होत्या. कवितेत राजकारण आहे म्हणून प्रक्षेपण निवडणुकीनंतर ढकललं गेलं.

एका कवीवरच्या छोट्या माहितीपटामुळे मतदार बिघडतील अशी भीती वाटावी, यापेक्षा मोठा गौरव कवितेचा कुठला? आणि आता पुढचं ऐका. २००२ मध्ये याच जॉन्सनचं पुस्तक पेंग्विनच्या 'मॉडर्न क्लासिक्स' मालिकेत आलं. त्या मालिकेत हयातीत स्थान मिळालेला तो दुसराच कवी आणि पहिला काळा कवी. चांगलं झालं, आनंद आहे. पण मला त्याची १९७९ ची फिल्म जास्त मोलाची वाटते, कारण ती कवीला मान्यता मिळण्याआधी बनली. क्लासिक झाल्यावर त्याच्याभोवती कॅमेरे जमवायला फारसं धाडस लागत नाही.

मग धाडस करायला पैसा कोण देतं? इथे गोष्ट कवितेवरून धोरणावर येते आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथेच आहे.

त्रिनिदादहून आलेला होरेस ओव्हे हा ब्रिटनमध्ये पूर्ण लांबीचा कथापट करणारा पहिला काळा दिग्दर्शक. 'प्रेशर' या त्या फिल्मचं लेखन त्याने सेल्व्हनबरोबर केलं होतं. सरकारी मदतीवर चालणाऱ्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्यासाठी पैसे दिले आणि त्याच संस्थेने पोलिसी दांडगाईची दृश्यं बघून ती बराच काळ अडवून ठेवली. एका हाताने द्यायचं, दुसऱ्या हाताने दाबायचं. ओळखीची पद्धत आहे.

त्यानंतर १९८१ उजाडलं. जानेवारीत लंडनच्या न्यू क्रॉस भागात वाढदिवसाच्या पार्टीत आग लागून तेरा काळी मुलं गेली. पोलिसांचा तपास आणि सरकारचं मौन बघून लोक पेटले. २ मार्चला सुमारे वीस हजार लोकांचा मोर्चा लंडनमधून निघाला. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन भडकलं. सस कलम त्याच वर्षी रद्द झालं. आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या चॅनल फोरला कायद्यानेच सांगितलेलं होतं, की इतर वाहिन्या ज्यांच्याकडे बघत नाहीत त्यांच्यासाठी कार्यक्रम करा. त्या पैशातून ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह, सांकोफा, सेडो अशा तरुणांच्या कार्यशाळा उभ्या राहिल्या. जॉन अकोम्फ्रा, आयझॅक ज्युलियन ही आज जगभर गाजणारी नावं तिथली. अकोम्फ्राने पुढे २०१३ मध्ये जमैकन मुळाचा विचारवंत स्टुअर्ट हॉल याच्यावर फिल्म केली, ज्युलियनने मार्टिनिकच्या फ्रांझ फॅनॉनवर.

आणि या चॅनल फोरमध्ये १९८४ ते १९९७ बहुसांस्कृतिक कार्यक्रमांची जबाबदारी कुणाकडे होती? फारुख धोंडी यांच्याकडे. जन्म पुण्याचा, वाढले पुण्याच्या कॅम्पात. लंडनमध्ये ते स्वतः ब्लॅक पँथर्समध्ये होते, मग जॉन्सन आणि डार्कस हाव यांच्याबरोबर 'रेस टुडे' या गटात. म्हातारपणी सी. एल. आर. जेम्स काही काळ त्यांच्या घरी राहायला होता, त्याचं चरित्रही त्यांनी लिहिलं. आपल्या पुण्याचा माणूस कॅरिबियन लेखकांच्या इतका जवळ होता आणि पडद्यावर कुणाला जागा मिळणार हे ठरवणाऱ्या खुर्चीवर बसला होता, हे आपल्याकडे फारसं सांगितलंच जात नाही.

सांगायचं एवढंच, की या फिल्म कुणाच्या दयेने आल्या नाहीत. आधी लोक रस्त्यावर आले, मग कायद्यात एक कलम आलं, कलमाबरोबर पैसा आला आणि तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या टेबलाशी त्याच लोकांतला माणूस बसला. या साखळीतली एक कडी निघाली की उरतात ते सत्कार समारंभ.

याच ओव्हेने २००३ मध्ये जॉन ला रोजवर 'ड्रीम टू चेंज द वर्ल्ड' ही फिल्म केली. ला रोज स्वतः कवी, पण त्याचं खरं काम इतरांना छापण्याचं. १९६६ मध्ये लंडनमध्ये त्याने न्यू बीकन बुक्स हे प्रकाशन सुरू केलं. त्याच वर्षी कामाऊ ब्रॅथवेट आणि अँड्र्यू सॉल्की यांच्याबरोबर कॅरिबियन कलावंतांची चळवळ उभी केली. १९७१ मध्ये त्याच्या प्रकाशनाने बर्नार्ड कोर्ड याचं एक छोटं पुस्तक काढलं. विषय असा, की कॅरिबियन घरांतल्या मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून सरसकट वेगळ्या शाळांत कसं ढकललं जातं. घराघरांतल्या आईबापांनी ते वाचलं, शनिवारच्या शाळा सुरू केल्या, शिक्षणखात्याला जाब विचारला. न्यू क्रॉसच्या आगीनंतरच्या कृती समितीचा अध्यक्षही हाच माणूस होता. अशा माणसावरच्या फिल्ममध्ये 'ते किती साधे होते, किती मोठ्या मनाचे होते' एवढंच सांगून भागत नाही. त्याने काय चालवलं, कसं चालवलं, पैसे कुठून आणले, हे कळायला हवं. मला ही फिल्म म्हणून आवडते. दुसऱ्या कुणाला असं काही उभं करायचं असेल तर त्याला इथून काहीतरी उचलता येतं.

आता थोडं अवघड प्रकरण. नोबेलवाल्यांचं.

वॉलकॉटवर २०१३ मध्ये सुरिनामी-डच दिग्दर्शिका ईडा डूस हिने 'पोएट्री इज ॲन आयलंड' ही फिल्म केली. सेंट लुशिया, त्याचं बालपणीचं घर, चित्रांचा स्टुडिओ, जुने मित्र. कवी ऐंशी पार केलेला, चार वर्षांनी तो गेलाच, त्यामुळे वेळेवर झालेलं काम. पण बेटावरच्या कवीवर फिल्म करताना एक धोका कायम असतो, समुद्रच इतका देखणा की फिल्म पर्यटन खात्याची वाटायला लागते. गंमत म्हणजे वॉलकॉट स्वतः आयुष्यभर याच माहितीपत्रकी नजरेविरुद्ध बोलला. नोबेलच्या भाषणातही बोलला. आपल्याकडे लेखकावरच्या सरकारी फिल्ममध्ये नदी, घाट, देवळाचा कळस आणि मागे बासरी असते ना, त्याचीच ही सख्खी बहीण.

दुसरा प्रश्न वागणुकीचा. २००९ मध्ये वॉलकॉटविरुद्धच्या जुन्या लैंगिक छळाच्या आरोपांचे कागद निनावी पाकिटांतून फिरले आणि त्याने ऑक्सफर्डच्या काव्य-प्राध्यापकपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली. नायपॉलने पत्नीला कसं वागवलं हे पॅट्रिक फ्रेंच याने लिहिलेल्या अधिकृत चरित्रातच आहे, तेही नायपॉलच्या परवानगीने छापलेलं. त्याच वर्षी, २००८ मध्ये, बीबीसीची त्याच्यावरची 'अरेना'ची फिल्मही आली. माझं म्हणणं साधं आहे. मोठ्या लेखकावर फिल्म करा, जरूर करा. पण हे प्रश्न वगळून केलेल्या फिल्मला माहितीपट म्हणू नका, तिला गौरविका म्हणा. प्रेक्षक काही लहान मूल नाही. वॉलकॉटची ओळ मोठी आहे आणि त्याच्यावरचे आरोपही गंभीर आहेत, या दोन्ही गोष्टी तो एकाच वेळी मनात ठेवू शकतो.

या बाबतीत मला सगळ्यात पुढे वाटते ती ऑड्री लॉर्डवरची फिल्म. लॉर्ड न्यूयॉर्कमध्ये जन्मली १९३४ मध्ये. वडील बार्बाडोसचे, आई ग्रेनडाजवळच्या कॅरिआकू या बेटाची. काळी, स्त्री, समलिंगी, कवयित्री. यातलं एक काढून बाकीचं घ्या असं तिने कुणालाच करू दिलं नाही. एडा गे ग्रिफिन आणि मिशेल पार्करसन यांनी तिच्यावर 'अ लिटनी फॉर सर्व्हायवल' ही फिल्म करायला घेतली तेव्हा ती कॅन्सरशी झुंजत होती. आठ वर्षं काम चाललं. १९९२ मध्ये ती गेली, फिल्म १९९५ मध्ये आली. या फिल्ममध्ये आजारी, थकलेली लॉर्ड स्वतः बोलते. तिच्याबद्दल काय लक्षात ठेवायचं हे बऱ्याच अंशी तिनेच सांगितलंय. पुढे २०१२ मध्ये डागमार शुल्त्स या तिच्या मैत्रिणीने तिच्या बर्लिनच्या वर्षांवर वेगळी फिल्म केली. तिथल्या काळ्या जर्मन बायकांना संघटित व्हायला, लिहायला लॉर्डने कसं पुढे ढकललं, ते त्यात आहे. शुल्त्सकडे जुनं चित्रण होतं म्हणून वीस वर्षांनी ती फिल्म होऊ शकली.

म्हणजे जपणूक. जी माणसं त्या काळी कॅमेरा, टेपरेकॉर्डर घेऊन बसली आणि त्या फिती कपाटात नीट ठेवल्या, त्यांच्यामुळे ही फिल्म आहे. ऊना मार्सनच्या बाबतीत अशी कपाटं फारशी नव्हती.

आणि पैसा नसेल तर? तर सी. एल. आर. जेम्सवरची 'एव्हरी कुक कॅन गव्हर्न' बघा. जेम्स म्हणजे 'बियाँड अ बाउंडरी'वाला, क्रिकेटवर लिहिता लिहिता साम्राज्याची चिरफाड करणारा त्रिनिदादी. २०१६ ची ही फिल्म लंडनच्या स्वयंसेवकांनी केली. लोकांकडून वर्गणी काढून, कॅमेरा शिकत शिकत. जेम्सचं सांगणंच असं होतं, की राज्य चालवणं हे तज्ज्ञांचं गुपित नाही, स्वयंपाक्यालाही ते जमतं. फिल्म बनवण्याची पद्धतही त्याच विचारातून आली. सफाई थोडी कमी असेल, पण विचाराशी प्रामाणिक आहे.

एवढं सगळं बघितल्यावर विंडरश दिनाचे सरकारी सोहळे बघताना घास घशात अडकतो. २०२२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनात त्या पिढीचं स्मारक उभं राहिलं. त्याच वेळी नुकसानभरपाईची वाट बघता बघता माणसं मरत होती. अशा वेळी बेंजामिन झेफानियाची आठवण येते. बार्बाडोस आणि जमैका ही त्याच्या आईवडिलांची मुळं, जन्म बर्मिंगहॅमचा. २००३ मध्ये राणीच्या सरकारने त्याला ओबीई हा किताब देऊ केला. त्यातल्या 'एम्पायर' या शब्दावर बोट ठेवून त्याने जाहीरपणे नाकारला. ओव्हेने मात्र २०२२ मध्ये 'सर' ही पदवी घेतली. मी ओव्हेला दोष देणार नाही, आयुष्यभर झगडून मिळालेलं त्याने घेतलं. दोघंही २०२३ मध्ये गेले. ब्रॅथवेट २०२० मध्ये गेला, लॅमिंग २०२२ मध्ये. ती सगळी पिढी आता संपत आलीय आणि ज्यांचं चित्रण झालं नाही त्यांचं आता होणारही नाही.

घड्याळ आपल्याकडेही तेच आहे. आपल्याकडे काही झालंच नाही असं मी म्हणणार नाही. अरुण खोपकरांनी नारायण सुर्व्यांवर फिल्म केली. आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'साठी चौदा वर्षं घालवली, आणि विलास घोगरेंचा आवाज आज आपल्याकडे आहे कारण मुंबईच्या झोपड्यांवर फिल्म करताना त्यांनी तो आधीच टिपून ठेवला होता. १९९७ मध्ये रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर घोगरेंनी आयुष्य संपवलं. तो आवाज टिपला नसता तर? पण ही एकेका माणसाच्या जिद्दीची कामं आहेत. त्यांच्यामागे धोरण नाही. आपला सार्वजनिक पैसा अजून मुख्यतः जन्मशताब्दी आली की जागा होतो, म्हणजे माणूस गेल्यावर.

माझी मागणी फार मोठी नाही. गिरणगावात, भटक्यांच्या पालांवर, ऊसतोड कामगारांच्या तळावर जे आज लिहितायत, गातायत, त्यांना आज रेकॉर्ड करा. पुरस्काराची वाट बघू नका. विद्यापीठं, साहित्य संस्था, महापालिका यांनी वर्षाला थोडी रक्कम त्यासाठी वेगळी काढावी आणि ती कुणाला द्यायची हे ठरवताना त्या वस्तीतला माणूस टेबलाशी असावा. केलेलं चित्रण कुणाच्या खासगी कपाटात न ठेवता लोकांसाठी खुलं ठेवावं. लंडनमध्ये हे झालं तेव्हा कुणी आकाशातून पडलं नव्हतं. झगडून मिळवलं होतं.

ज्यांना बघायला सुरुवात करायचीय त्यांनी 'ड्रेड बीट ॲन ब्लड'पासून करावी. मग लॉर्डवरची, मग ला रोजवरची. भाषा पहिल्या पाच मिनिटांत अडेल, नंतर कान सरावतो. बघताना घड्याळ लावून एकच मोजा, कवी स्वतः किती मिनिटं बोलला आणि बाकीचे त्याच्याबद्दल किती. नंतर आपल्याकडच्या एखाद्या लेखकावरची फिल्म लावा आणि तीच मोजणी पुन्हा करा.